मी अनंतकाळची बायको होणार नाही

अहो, तुमची शेवटची इच्छा मी मोडली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

कपाटाच्या वरच्या फळीवर तुम्ही ती पिशवी ठेवली होती. पांढरी पँट, पांढरा झगा, पांढरी टोपी आणि पोटावर बांधायचं ते हिरवं कापड. परदेशातल्या तुमच्या मंदिरात जाऊन आलात तेव्हा आणलेले कपडे. वर तुमच्या अक्षरात चिठ्ठी, ‘मला यातच पुरावं.’ तुम्ही गेल्याचं कळल्यावर तुमच्या मॉर्मन पंथाच्या मंडळीतले दोघं हैदराबादहून गाडीनं आले. त्यातल्या वयानं मोठ्या माणसानं हात जोडून मला सांगितलं की ही पवित्र वस्त्रं आहेत, आम्ही नीट नेसवतो, तुम्ही काळजी करू नका. मी म्हटलं, “लग्न माझ्याशी झालंय यांचं. नेसवायचं काय ते मी ठरवीन.” आणि तुमचा चॉकलेटी सूट बाहेर काढला. आपल्या मुलानं, अभिषेकनं तुम्हाला टाय बांधला. बिचाऱ्याची गाठ तीनदा सुटली.

आज दीड महिना झाला. पश्चात्ताप होतोय का म्हणून रोज स्वतःला विचारते. होत नाही.

पाळकसाहेब म्हणतात, करुणाबाई, गेलेल्या माणसाशी भांडू नये. पण तुम्ही तर शिकून आला होतात की मेलेल्यांसाठी सगळं करता येतं. त्यांचा बाप्तिस्मा करता येतो, लग्न लावता येतं. मग भांडण का नाही?

आपलं भांडण रूथ गेल्यावर सुरू झालं, असं लोकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. रूथ गेल्यावर आपण भांडतच नव्हतो. सहा वर्षांची पोर, चार दिवसांचा ताप, आणि पाचव्या दिवशी आपण कबरस्थानातून रिकाम्या हातानं परत. पाळकसाहेबांनी कबरेवर सांगितलं, देवानं दिलं, देवानं नेलं. मी मान डोलावली. तुम्ही नाही. तुम्ही मातीकडे बघत होतात. मला तेव्हाच कळायला हवं होतं की माझी भूक त्या वाक्यानं भागली आणि तुमची भागली नाही.

दोन वर्षांनी तुम्ही कारखान्याचे टॉवेल घेऊन हैदराबादला गेलात ते तीन दिवसांऐवजी आठ दिवसांनी आलात. विणकरांच्या गल्लीत राहून तेलुगू तुम्ही सोलापुरातच शिकला होतात, त्यामुळे तिकडच्या माणसांशी तुमचं लगेच जमायचं. दारातच म्हणालात, “करुणा, दोन पोरं भेटली. एक तेलुगू, एक अमेरिकेचा. पांढरे शर्ट, छातीवर नावाची पट्टी. त्यांनी सांगितलं, रूथ आपलीच हाय. कायमची. आपण तिला तितं वाढवायचं हाय.”

मी म्हटलं, “कुठं वाढवायचं?”

“वर. ती आपल्याला मिळणार. आई-बाप म्हणून. फक्त आपलं लग्न त्यांच्या मंदिरात पक्कं करायचं. अनंतकाळासाठी.”

अहो, सांगोल्याच्या माळावर टँकरची वाट बघत वाढलेला माणूस तुम्ही. तहानलेल्याला पाणी दाखवलं की तो विहीर कुणाची ते विचारत नाही. त्या दोन पोरांवर माझा राग नाही. वीस-बावीस वर्षांची, आपल्या खर्चानं घर सोडून आलेली, नम्र. त्यांना जे पढवलं ते त्यांनी सांगितलं. माझा राग ज्यांनी पढवलं त्यांच्यावर आहे. मेलेल्या लेकराचा बाप शोधून त्याला ते लेकरू दाखवायचं, आणि मग म्हणायचं, ते हवं असेल तर आमच्या दारातून ये. याला मी सुवार्ता म्हणत नाही.

एक मात्र कबूल करते. तुमची तंबाखू सुटली. माझ्या बारा वर्षांच्या प्रार्थनेला जे जमलं नाही ते त्यांना एका महिन्यात जमलं. तंबाखूबरोबर चहाही गेला. सकाळी मी एकटीसाठी आधण ठेवायची आणि तुम्ही समोर कोमट पाणी पीत बसायचात. मी मुद्दाम आलं ठेचून घालायची, वास दरवळावा म्हणून. तुम्ही नुसते हसायचात. “लई छळतीस,” म्हणायचात. देवाला चहाचं वावडं आहे असं मानणाऱ्या माणसावर मी आणखी कसा सूड उगवणार?

मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. तुमचं ते निळ्या कव्हरचं हिंदी पुस्तक मी तुमच्या आधी वाचून संपवलं, हे तुम्हाला माहीत होतं. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका खेड्यातला तरुण, तुमचा संदेष्टा, म्हणतो, देवदूतानं मला सोन्याचे पत्रे दाखवले, त्यावर प्राचीन काळचा इतिहास होता. पत्रे कुठायत? देवदूतानं परत नेले. माझ्या वर्गात एखादी पोरगी म्हणाली असती, बाई गृहपाठ केला होता पण वही देवदूतानं नेली, तर मी तिला काय केलं असतं? ते पत्रे वाचले कसे, तर बराच वेळ टोपीत दगड ठेवून, टोपीत तोंड खुपसून. पूर्वी हाच तरुण असल्याच दगडात बघून लोकांना पुरलेला खजिना दाखवतो म्हणत फिरायचा. पुस्तकात घोडे आहेत, पोलाद आहे, लाखांच्या लढाया आहेत. त्या भूमीत आजवर त्यातलं एक शहर निघालं नाही, एक नाणं नाही. तिथं तेव्हा घोडेच नव्हते.

तुम्ही म्हणायचात, “अकरा माणसांनी पत्रे बघितल्याची सही केली की.”

“त्यातले किती जण पुढं त्याला सोडून गेले ते सांगा.”

“सोडून गेले, पण बघितलं न्हाय असं म्हणाले का?”

हा मुद्दा तुमचा बरा होता. मी तो कधी मान्य केला नाही, आज करते. पण बाकीच्या गोष्टींचं काय? तुमच्या संदेष्ट्यानं इजिप्तचे जुने कागद घेऊन ते अब्राहामाच्या हातचे आहेत म्हणून भाषांतर केलं. पुढं ती लिपी वाचणारे विद्वान आले तेव्हा निघालं काय, तर मेलेल्या माणसाबरोबर पुरायचा साधा मंत्रांचा कागद. आपल्याला देव भेटला ही हकीगत त्यानं स्वतः लिहिली तेव्हा एक प्रभूच दिसला होता, काही वर्षांनी सांगताना पिता आणि पुत्र असे दोघं दिसले. साक्षीदार असा बदलत गेला तर त्याला आपण काय म्हणतो, अहो?

यावर तुम्ही चिडायचा नाहीत. खिडकीशी जाऊन उभे राहायचात आणि म्हणायचात, “तुझ्याकडं पुरावा हाय. माझ्याकडं रूथ हाय.” मग मी पुस्तक मिटायची. तुम्हाला ते माहीत होतं, म्हणून तुम्ही तेच बोलायचात. हे न्याय्य नव्हतं.

खरं दुखलं ते वेगळ्याच ठिकाणी. वैरागला माझे आजोबा गावकुसाबाहेर राहायचे. विहिरीला शिवायची सोय नव्हती. प्रभूनं त्यांना जवळ घेतलं तेव्हा कातडी विचारली नाही, जात विचारली नाही, म्हणून आपण आज माणसात आहोत. आणि तुमच्या त्या पुस्तकात देव चिडला की लोकांची कातडी काळी होते. तुमच्या पंथानं काळ्या माणसांना शंभराहून जास्त वर्षं याजकपण दिलं नाही, मंदिराच्या आत घेतलं नाही. मी ते पान तुमच्यासमोर उघडून धरलं. म्हटलं, “वाचा. मोठ्यानं वाचा.”

तुम्ही वाचलंत. मग म्हणालात, “ते आता बदललंय, करुणा. देवानं नवं दर्शन दिलं.”

“देवाला एवढा वेळ लागला? माझ्या आजोबांच्या वेळी त्याला लागला नव्हता.”

त्या दिवशी तुम्ही भाकरी अर्धी टाकून उठलात. मला वाटलं, आता सुटलात. रविवारी तुम्ही मला नेहमीसारखं स्कूटरवरून चर्चला सोडलंत आणि उपासना संपेपर्यंत बाहेर लिंबाच्या झाडाखाली निळं पुस्तक वाचत बसलात. वीस वर्षं तुम्ही तसे बसलात. ऊन असो काही असो, एकदाही मला रिक्षानं जा म्हणाला नाहीत. एकदाही आतही आला नाहीत.

आणि मग ते कार्ड. परदेशातल्या मंदिरातून आलात, बॅग उघडली आणि एक छोटं निळं कार्ड माझ्या हातात दिलंत. कौतुकानं दिलंत, हेच मला अजून सहन होत नाही. त्यावर माझ्या बाबांचं नाव छापलेलं होतं. तुम्ही तिथं पाण्यात उभं राहून त्यांच्या नावानं बाप्तिस्मा घेऊन आला होतात.

माझे बाबा बार्शी तालुक्यात सायकलवरून सुवार्ता सांगत फिरले. दगड खाल्ले त्यांनी. त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता, अहो. तारण झालेलं होतं. कृपेनं, फुकट. ते कमी पडलं म्हणून तुम्ही त्यांना तिथं जाऊन पुन्हा बुडवलंत?

“मी काय जबरदस्ती केली का? दार उघडून दिलं. आत यायचं का न्हाय ते त्यांनी ठरवायचं.”

“माझ्या बापाला तुमच्या दाराची गरज नव्हती!”

मी ते कार्ड फाडलं. तुम्ही तुकडे वेचलेत. पन्नाशी उलटलेला माणूस फरशीवर गुडघे टेकून निळे कपटे गोळा करत होता, आणि मी तशीच उभी. त्या क्षणी मला तुमची कीव आली नाही. आज येते, पण मी तेव्हा चुकले असं आजही म्हणणार नाही. ज्याचं तारण पुरतं झालेलं आहे त्याला अपुरा म्हणणं हा मेलेल्याचा अपमान आहे. प्रेमानं केला म्हणून तो अपमान कमी होत नाही.

तुम्हाला बाबा नकोच होते खरं तर, तुम्हाला मी हवी होते. तुमच्या तीन मजली स्वर्गाच्या वरच्या मजल्यावर एकट्या माणसाला सर्वोच्च जागा नाही. लग्न पक्कं केलेलं जोडपं लागतं. तिथं जाऊन माणूस पुढं देव होतो, कारण तुमच्या शिकवणीत देवसुद्धा कधीकाळी माणूसच होता. मी म्हणायची, मला देव व्हायचं नाही, मला देव हवा आहे. आणि प्रभूनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय की पुनरुत्थानात कुणी लग्न करत नाही, करून देत नाही. त्याचं ऐकू की त्या टोपीतल्या दगडाचं?

तुम्हाला मी एक गोष्ट कधी सांगितली नाही. रूथचा वाढदिवस होता. ती असती तर अठरा पूर्ण झाली असती. मी शाळेतून लवकर आले. तुम्ही आतल्या खोलीत खाटेवर बसला होतात, मांडीवर तिचा पिवळा फ्रॉक. रडत नव्हतात. फ्रॉकची बटणं लावत होतात, एकेक, वरपासून खालपर्यंत. मी दारात उभी होते. ‘चला, येते मी तुमच्या मंदिरात’ हे शब्द माझ्या ओठापर्यंत आले होते. देवाशपथ आले होते. मलाही ती हवी होती. तुम्हाला वाटायचं, बाई दगडाची आहे, शास्त्र तोंडपाठ आणि काळजात काही नाही.

मी बोलले नाही, कारण मला एका दुसऱ्याच बाईची आठवण झाली. तुमच्या संदेष्ट्याची पहिली बायको. ज्या दर्शनात अनंतकाळच्या लग्नाचं वचन आहे, त्याच दर्शनात पुरुषानं अनेक बायका करण्याची आज्ञा आहे. त्याच कागदावर तिचं नाव घेऊन देवाच्या तोंडी धमकी घातलीय की तिनं हे मान्य केलं नाही तर तिचा नाश होईल. त्यानं तिच्या चोरून तीसच्या आसपास लग्नं केली. त्यात चौदा वर्षांची पोर होती, दुसऱ्यांच्या बायका होत्या. तुम्ही मला ज्या मांडवात बोलावत होतात तो मांडव त्यासाठी घातलेला होता, अहो. मी एकदा तुम्हाला विचारलंही होतं, “मी आधी मेले, तुम्ही दुसरी केली आणि तिच्याशीही लग्न पक्कं केलंत, तर वर आम्ही दोघी?”

“तसलं काय बोलतीस. मी दुसरी करणार हाय व्हय?”

“मी तुमचं विचारत नाही. तुमच्या पंथात काय होतं ते विचारते.”

तुमच्या पंथाचं उत्तर ‘दोघी’ असंच होतं. म्हणून वाढदिवसाच्या त्या दिवशी मी खोलीच्या दारातून परत फिरले, स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. तुम्ही फ्रॉक घडी करून ठेवलात. त्या दिवशी आपण दोघंही एकटेच रडलो असणार.

तुमच्या फुप्फुसानं शेवटी जुन्या तंबाखूचा हिशेब मागितला. दवाखान्यातल्या त्या शेवटच्या दुपारी तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तुम्ही तो बोटानं बाजूला केलात.

“करुणा, प्रार्थना कर.”

आणि मी काय केलं? मरणाऱ्या माणसाला मी प्रश्न विचारला. “कुणाच्या येशूला करू? माझ्या का तुमच्या?”

याचा मात्र पश्चात्ताप होतो. चाळीसच्या वर वर्षं एका ताटात जेवल्यावर असं विचारायचं नसतं. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, रागावलात. मग म्हणालात, “तुला जी येती ती कर.”

मी केली. आई-बाबांनी शिकवली तशी. प्रभू, आमच्या हातात काही नाही, तू क्रूसावर केलंस तेवढंच आमचं, याला तुझ्या कृपेनं घे. तुमच्या मंदिराचा एक शब्द त्यात नव्हता, तुम्ही काय कमावलंत त्याचा उल्लेख नव्हता. तुम्हाला ते कळत होतं. शेवटी तुम्ही मास्कच्या आतून ‘आमेन’ म्हणालात. प्लॅस्टिकवर वाफ धरली तेवढी. ते आमेन माझ्या प्रभूला होतं, का मला बरं वाटावं म्हणून होतं, ते मला ठाऊक नाही. संध्याकाळ व्हायच्या आत तुम्ही गेलात.

माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी अभिषेक पुण्याला परत निघाला होता. चपला घालता घालता म्हणाला, “आई, तुला सांगायला हवं. बाबांनी माझ्याकडून शब्द घेतलाय. तू गेल्यावर तुमची दोघांची आणि रूथची नावं मंदिरात द्यायची. म्हणजे तुमचं तिघांचं…”

तुम्ही माझ्या मरणाची वाट बघून डाव टाकलात! जिवंतपणी जिला हो म्हणायला लावता आलं नाही, तिला मेल्यावर हो म्हणायला लावणार होतात. माझ्याजागी कुणी परकी बाई उभी राहून, माझ्या नावानं, तुम्हाला वरणार होती. मी अभिषेकला तिथंच खाली बसवलं. एका कोऱ्या कागदावर लिहिलं की माझं किंवा माझ्या मुलीचं नाव माझ्यामागं कोणत्याही मंदिरात, कोणत्याही विधीसाठी कुणी देऊ नये. म्हटलं, “सही कर. साक्षीदार म्हणून.”

“आई, मी दोघांचाही मुलगा आहे गं. मला मधे का घालता?”

“त्यांनी घातलं. मी बाहेर काढतेय.”

त्यानं सही केली. गाडी चुकली त्याची. रात्रीच्या बसनं गेला.

काल मी पाळकसाहेबांबरोबर दगड घडवणाऱ्याकडं गेले. कागदावर तुमचं नाव लिहिलेलं होतं. पाळकसाहेब हळूच म्हणाले, “करुणाबाई, नावाआधी ‘ख्रिस्तवासी’ लिहायचं का, ते तुम्ही सांगा. मी आग्रह करणार नाही.” माणूस चांगला आहे, पण तो शब्द ख्रिस्तात मेलेल्यालाच लावतात, म्हणून त्यांनाही तोच प्रश्न पडलेला जो मला दीड महिना झोपू देत नाही. वेगळी सुवार्ता धरून मेलेला माणूस कुठं जातो, हे मी रविवारच्या शाळेत पोरांना किती वर्षं सांगत आले. चुकीचं सांगत नव्हते. आजही तेच सांगीन. तुमचा पंथ खोटा आहे, तुमचा संदेष्टा खोटा होता, आणि तुमच्या कबरेवर उभं राहूनही मी ते म्हणेन.

“लिहा,” मी म्हटलं. “ख्रिस्तवासी लिहा.”

पाळकसाहेबांनी कागदावर तो शब्द लिहिला. तुमच्यासाठी मी हे केलं असं समजू नका. त्या एका आमेनच्या भरवशावर मी प्रभूपुढं अर्ज टाकलाय. मंजूर करायचा का नाही ते त्याच्या हातात.

दगडवाल्यानं माप घेतलं आणि विचारलं, “बाई, शेजारची जागा तुमच्यासाठी ठेवलीय म्हणं. मग एकच मोठा दगड करायचा का? तुमच्या नावाची जागा मोकळी सोडतो.”

मी तिथं ठेवलेल्या एका दगडावरून हात फिरवत होते. त्याला वाटलं, मी किमतीचा विचार करतेय.

“दगड दोन करा,” मी सांगितलं. “पण मधे फट ठेवू नका.”

शेवटचा कर्णा वाजला की आपण कबरेतून आपापले उठू, अहो. तुम्ही तुमचं उत्तर द्यायला जाल, मी माझं. तिथं मी कुणाची बायको नसेन. तोवर तुमच्या शेजारीच आहे.